भाईंदर पूर्वहून केळुसकर आणि मंडळी

केळुसकर नाना आयुष्यभर रेडिओवर गाण्यांच्या फर्माइशी पाठवत आले, पण आपण मागितलेलं एकही गाणं त्यांनी कधी ऐकलं नाही. निवेदिकेनं नावं वाचून संपवली, की गाण्याचा पहिला सूर निघायच्या आत नाना खट्कन रेडिओ बंद करत. "झालं काम," असं म्हणून पायात चपला सरकवत आणि दूध आणायला निघून जात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतेय, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

आम्ही भाईंदर पूर्वेला राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. टेम्पो खाली उभा, लिफ्ट बंद, माझ्या हातात गॅसची शेगडी आणि समोरच्या दारात पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घातलेले एक गृहस्थ.

"माणसं किती?" त्यांनी विचारलं.

"कुठे?"

"घरात हो."

"तिघं."

"नावं सांगा. वयाप्रमाणे सांगा. आणि टोपणनावं नकोत, ती वाचत नाहीत."

मला वाटलं जनगणनावाले असतील. शेगडी हातात धरूनच मी नवऱ्याचं, माझं आणि मुलीचं नाव सांगितलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून लहानशी वही काढली, लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं आणि "बरं आहे, शेजार चांगला मिळाला" असं म्हणून आत गेले. शेगडीला हात लावू का, असं विचारायचं त्यांना सुचलं नाही. मी शाळेत शिकवते, माणसं पहिल्या दिवशीच जोखायची सवय आहे. मी जोखलं की हा माणूस थोडा सरकलेला आहे.

महिन्याभरानं एका दुपारी भिंतीवर धपाधप थापा बसल्या. "बाई, या! लवकर या! अनिलरावांना आणा!" मी शिक्षिका, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी त्यांची 'बाई' झाले होते. आम्ही धावत गेलो. नाना रेडिओला कान लावून उभे, त्यांच्या बायको माई निवांत शेंगा सोलत बसलेल्या. आणि रेडिओतून आवाज आला, 'भाईंदर पूर्वहून वसंत, सुनंदा, प्रमोद, प्रज्ञा...' असं करत करत '...आणि शेजारी अनिल, शुभांगी आणि ऋचा.'

माझं नाव रेडिओवर! खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. आता गाणं कुठलं म्हणून मी कान टवकारते, तोवर खट्.

"अहो नाना, गाणं?"

"गाण्याचं काय बाई, गाणी कुठेही लागतात. नावं कुठे लागतात?"

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आवडीचं गाणं ऐकायचं असलं की लोक रेडिओ केंद्राला पोस्टकार्ड लिहीत. त्यात गाण्याचे शब्द, आपल्या गावाचं नाव आणि घरातल्या सगळ्यांची नावं. गाणं लावायच्या आधी ती नावं वाचली जात. कुठल्या कुठल्या गावची माणसं, त्यांची पोरंबाळं, मित्रमंडळी असं सगळं लटांबर आधी येई आणि मागून गाणं येई. बाकीचे लोक ही नावं कधी संपतायत म्हणून खोळंबून बसत. नानांचं उलटं होतं.

त्यांचे नियम ठरलेले होते. गावाचं नाव पहिलं. नावं वयाप्रमाणे, आधी घरची, मग गावची, शेवटी शेजारी. अकराच्या वर नावं घालायची नाहीत, कारण "त्यापुढे वाचणाऱ्याचा दम जातो, मग ते गाळतात." गाण्याची निवड मात्र अशी, की देवा रे देवा. मुलाच्या लग्नाच्या आठवड्यात त्यांनी मागवलेलं गाणं इतकं रडकं होतं, की सुनेच्या माहेरच्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून 'सगळं ठीक आहे ना' म्हणून विचारलं. नातवाच्या बारशालाही तेच. माई म्हणायच्या, "लग्नात उखाणा घ्या म्हटलं तर या माणसाला घाम फुटला. आणि रेडिओवर बघा, दर महिन्याला 'सुनंदा'!" असं म्हणताना त्या रागावल्यासारखं करत, पण रेडिओ लागायच्या आधी केस विंचरून बसत.

मग सगळं बदललं. कसं बदललं ते सगळ्यांनी पाहिलंय, पण क्रम मात्र मला अजून लागत नाही. आधी एफएम आलं की आधी मोबाइल? केबलवर शंभर चॅनल आधी झाले की ती गाण्यांची स्पर्धा आधी आली? इतिहास शिकवणारी मी, मला शिवकाल तोंडपाठ, पण ही पाचसहा वर्षं कुणी विचारली तर मी नापास. एवढं खरं, की नानांची पोस्टकार्डं जात राहिली आणि नावं यायची थांबली. कार्यक्रम आधी आखूड झाला, मग त्याची वेळ बदलली, मग आज लागेल उद्या लागेल करत नाना रेडिओसमोर बसून राहू लागले. सहा महिने नाव लागलं नाही. त्या सहा महिन्यांत नाना चार वेळा आजारी पडले, आणि डॉक्टर म्हणाले काही झालेलं नाही.

"नाव लागलं पाहिजे," एवढंच त्यांचं चालू होतं. "कुठेही लागू दे. पण लांबवर गेलं पाहिजे."

केबिन रोडवरून त्यांनी एक पेनाएवढा एफएम रेडिओ आणला. तो आमच्या इमारतीत फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत लागायचा, तोही एक हात ग्रिलला लावून उभं राहिलं तर. माईंना फोडणी द्यायची असली की नानांना बाजूला सारावं लागे आणि नाना बाजूला झाले की रेडिओ जाई. अशा स्थितीत पंधरा दिवस ऐकून त्यांनी माझ्याकडे अहवाल दिला. "बाई, हे लोक बोलतात फार, पण सांगत काहीच नाहीत. एक मुलगी सकाळी चार तास हसते. कशाला हसते ते कळत नाही. पण फोन करा म्हणते."

मग त्यांनी फोन करायला सुरुवात केली. नऊ दिवस फोन एंगेज. दहाव्या दिवशी लागला. माईंनी एक हात ग्रिलला लावला आणि दुसऱ्या हातानं रेडिओ धरला, मी दारात, आणि हॉलमध्ये नाना फोनवर ताठ उभे. दोन्हीकडून एकाच वेळी ऐकू येत होतं.

"हाऽऽय! कौन बोल रहा है?"

"वसंत गोपाळ केळुसकर. भाईंदर पूर्व. पेन है क्या तुम्हारे पास?"

"वाउ! अंकल, क्या एनर्जी है आपकी! बताइए, आज मूड कैसा है?"

"मूड ठीक है. नाम लिखो. वसंत, सुनंदा, प्रमोद..."

"सो स्वीट! तो किसको डेडिकेट करेंगे ये गाना?"

"डेडिकेट नहीं करने का. नाम बोलने का. प्रज्ञा..."

आणि धडाम्‌दिशी गाणं सुरू झालं. नानांच्या हातातला फोन कुईं करत राहिला.

"चौथ्यावर कापलं," ते म्हणाले. दोन दिवस तेच. जिन्यात भेटले तरी, "चौथ्यावर कापलं हो बाई. म्हणजे पुढची माणसं काय मेली?" मला हसू आवरेना. त्या पुढच्या माणसांत मी होते, अनिल होता, ऋचा होती. मी म्हटलं, "नाना, आम्ही ठणठणीत आहोत, काळजी करू नका." नाना हसले नाहीत.

त्यानंतर टीव्हीवर ती गाण्याची स्पर्धा सुरू झाली. मुलं-मुली गाणार आणि आपण मोबाइलवरून मतं द्यायची. नानांनी ऐकलं ते एवढंच, की निवेदक हात जोडून म्हणतो, 'तुमचे संदेश आम्हाला देशभरातून येतायत.' देशभर म्हटल्यावर नाना खुर्चीतून उठलेच. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, माझ्याकडे होता. तो मला तरी कुठे येत होता, पण आमच्या घरात यंत्र हाताळायचं काम आलं की सगळे माझ्याकडे बघतात आणि मला 'येत नाही' म्हणायची सवय नाही.

नाना मजकूर कार्डावर लिहूनच आले. 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आम्ही भाईंदर पूर्वहून आपला कार्यक्रम आवडीने पाहतो. आम्ही म्हणजे...' आणि पुढे अकरा नावं. एकेका अक्षरासाठी तीन-तीनदा बटण दाबत मी तो मजकूर पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"आलं? एवढ्यात?" नानांना कोण आनंद. "काय म्हणतायत?"

"फॉर्मॅट चुकला म्हणतायत."

"म्हणजे?"

"नमुना चुकला."

"बाई, हा नमुना मी शाळेत होतो तेव्हापासून चाललाय."

पुन्हा पाठवला. पुन्हा नमुना चुकला. मग ऋचा कॉलेजातून आली आणि तिनं गायकाचा क्रमांक घालून मत पाठवून दिलं. लगेच आभाराचं उत्तर. रविवारी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. निवेदकानं सांगितलं, लाखो मतं आली. नाना श्वास रोखून थांबले. मग जाहिरात लागली.

"लाखो म्हणाला," नाना म्हणाले. "त्यात नाव एकाचंही नाही?"

"नुसती मोजतात हो, नाना. वाचत नाहीत."

"मग पाठवतात कशाला लोक?"

 मी उठून टीव्ही बंद केला.

मग जिग्नेश. जिग्नेश आमचा केबलवाला. त्याचा स्वतःचा एक चॅनल होता, त्याच्यावर दिवसभर सिनेमे आणि खाली सरकणाऱ्या पट्टीत क्लासच्या जाहिराती, वाढदिवस, हरवलेली कागदपत्रं. नानांनी त्याला जिन्यात गाठलं आणि पट्टीत नावं घालायची गळ घातली. जिग्नेश भला माणूस. "अंकल, किसी का बर्थडे है?" "नहीं." "एनिवर्सरी?" "नहीं. सिर्फ नाम हैं." त्यानं डोकं खाजवलं आणि घातली. अकरा दिवस अकरा नावं हाणामारीच्या सिनेमांखालून डावीकडे सरकत होती. आख्खी सोसायटी नानांचं अभिनंदन करत होती, कशाबद्दल ते कुणालाच माहीत नव्हतं. दोघातिघांनी तर पेढे मागितले.

नाना इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. बाराव्या दिवशी जिग्नेश वायर जोडायला आमच्याकडे आला, तेव्हा नाना त्याला चहा देऊन म्हणाले, "अपना ये चैनल कहाँ कहाँ दिखता है?"

"बहोत दूर तक, अंकल. इधर फाटक से लेके पूरा केबिन रोड."

"उसके आगे?"

"आगे दूसरे का एरिया है ना."

नानांनी बशी खाली ठेवली. "बस?" ते म्हणाले. "केबिन रोडला तर मी चालत जातो."

इथे मी चिडले. खरंच चिडले. सहावीच्या सहामाहीचे पेपर तपासायचे पडले होते, पाणी येण्याचा दिवस होता, आणि हा माणूस आता म्हणत होता की सगळ्या देशात दिसणारा तो गाण्यांचा चॅनल आहे ना, त्याच्याही खाली पट्टी सरकते, त्यात लोकांचे मोबाइलवरचे संदेश येतात, ते आपण पाठवू. मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर ते पुन्हा आजारी पडले असते. शनिवारी दुपारी मी मोबाइल घेऊन त्यांच्या हॉलमध्ये बसले.

अडचण अशी, की त्या पट्टीत मोजकीच अक्षरं मावतात. अकरा नावं बसेनात.

"ठीक आहे," मी म्हटलं, "आम्ही तिघं गळतो."

"नाही नाही, शेजारी पाहिजेत."

"मग तुमचे गावचे भाऊ गाळू."

"बाई! थोरला आहे तो. त्याचं नाव गाळलं तर काय अर्थ होईल?"

"मग 'भाईंदर पूर्व' काढू. नुसतं मुंबई लिहू."

"ते तर अजिबात नाही."

मी मोबाइल टेबलावर आपटला. आवाज वर्गातला निघाला. "नाना, कोण बघणार आहे हो ही नावं? कोणाला पडलंय, भाईंदरला केळुसकर राहतात की केळकर? इतकी वर्षं गाणं एक ऐकलं नाहीत, नुसती नावं, नावं, नावं! कुणासाठी?"

नानांनी वही मिटली. बोलल्या त्या माई, आतून, भाजी चिरता चिरता. "सांगा की आता त्यांना. मला लग्नाच्या आठव्या दिवशी सांगितलंत, बाईंना सांगायला काय झालं?"

नानांनी सांगितलं ते थोडक्यातच.

नानांना मोठी बहीण होती, कुसुम. लालबागच्या चाळीत राहायचे सगळे. खाली शिंप्याचं दुकान होतं, तिथल्या कारागिराबरोबर ती गेली. एकोणीस वर्षांची होती. तो परजातीतला. वडिलांनी त्याच दिवशी सांगितलं, या घरात तिचं नाव काढायचं नाही आणि तिचं पत्र आलं तर न फोडता जाळायचं. नाना तेव्हा सोळाचे होते. जाताना ती त्यांना जिन्यात भेटली. हातात एक पिशवी. म्हणाली, 'वश्या, मला शोधू नको, पत्र लिहू नको, बाबा तुला मारतील. रेडिओला कार्ड घाल. सगळ्यांची नावं घाल. मी जिथे असेन तिथे ऐकेन. नावं ऐकली की समजेन, सगळी आहेत.'

"आधी बेळगावला गेली म्हणत होते लोक," नाना म्हणाले. "पुढे कुठे ते कळलं नाही. मी कार्डं घालत राहिलो. बाबांना वाटायचं पोराला गाण्यांचा नाद आहे. गाणी तिचीच हो बाई. तिला तसलीच आवडायची, रडकी. तिच्यासाठी लावलेली गाणी मी कशाला ऐकत बसू? माझं सांगून झालं की झालं." त्यांनी वही पुन्हा उघडली. "सुनंदा आली, तेव्हा नाव वाढवलं. पोरं झाली, ती वाढवली. लालबाग सोडलं तेव्हा 'भाईंदर पूर्व' लिहिलं. पत्ता बदलल्याचं तिला कळवायला नको? शेजारी घालतो, म्हणजे तिला कळावं की आम्ही माणसांत आहोत. आई गेली तेव्हा नाव गाळलं. ते कार्ड पेटीत टाकायला मला चार दिवस लागले. पेटीपर्यंत जायचो आणि परत यायचो."

मला त्यांचं ते 'पुढची माणसं काय मेली' आठवलं आणि तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हसले होते. आम्ही ठणठणीत आहोत म्हणाले होते.

"ती ऐकते, हे कशावरून?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"कशावरून कळणार? रेडिओला काय उलट बोलता येतं?" नाना म्हणाले. "पण एक वर्ष होत आलं, बाई, कुठूनच नाव नाही. म्हणजे तिला वाटत असेल, सगळी गेली."

मी मोबाइल उचलला. नावांमधली रिकामी जागा काढली, स्वल्पविराम काढले, 'केळुसकर' एकदाच लिहिलं, आमच्या तिघांच्या नावांऐवजी नुसतं 'शेजारी' टाकलं, आणि गावासकट बाकीची सगळी नावं कशीबशी बसवली. नानांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं.

"हे इंग्रजीत दिसणार?"

"हो. त्या पट्टीत इंग्रजीच अक्षरं असतात."

"तिला इंग्रजी येत नाही, बाई. तिची शाळा चौथीतच सुटली."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या पट्टीसाठी तासभर डोकं फोडलं आम्ही, आणि हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. रेडिओ ऐकायला अक्षरओळख लागत नव्हती. मी सुचेल ते बोलले. "अहो, त्यात काय! घरातलं कुणी वाचून दाखवेल. नातवंडं असतील की. पोरंच तर बघतात हा चॅनल."

"नातवंडं?" नाना म्हणाले.

"असणारच ना. तुम्हाला दोन आहेत, त्या तर तुमच्याहून मोठ्या."

 नानांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "अगं," ते माईंना म्हणाले, "कुसुम सदुसष्टची झाली." माईंनी विळी आडवी केली आणि बाहेर येऊन बसल्या. नाना म्हणाले, "मी ती जिन्यातलीच धरून चाललोय. दोन वेण्या घालायची."

मी बटण दाबलं.

कधी दिसेल ते काही सांगता येत नव्हतं. आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. वर अर्धवट कपड्यांत पन्नास माणसं नाचत होती, आणि एरवी अशा वेळी माई चॅनल बदलायला लावतात, पण त्या दिवशी कुणाचं वर लक्षच नव्हतं. आम्ही तिघं खालच्या बोटभर पट्टीकडे बघत होतो. तासाभरानं ती आली. भाईंदर पूर्व, मग नावं, वयाप्रमाणे, घरचं एकही न गाळता, आणि शेवटी 'शेजारी'. जेमतेम आठ-दहा सेकंदं. नानांनी हात जोडले. कुणाला जोडले कोण जाणे.

"लागलं, नाना," मी म्हटलं.  "सगळ्या देशात लागलं." पेपर पडले होते, मी निघायला उठले.

"बाई, ही बाकीची कोण माणसं?"

"कुठली?"

"ही, पट्टीतली. आपल्यामागून येतायत ती."

"असेच कुणी कुणी. आपल्यासारखे. घराघरातून पाठवतात."

नाना पुढे सरकून बसले, टीव्हीच्या इतके जवळ, की माई ओरडल्या. डोळे बारीक करून ते एकेक अक्षर लावू लागले, पण एक नाव लागेपर्यंत तीन निघून जात होती. "रेडिओवर तिला कार्ड घालता येत नव्हतं," ते म्हणाले. "बाबा ऐकतील ही भीती. पण हे तर कुणीही पाठवतं. तिचा नातू पाठवत असेल, नात पाठवत असेल. आत्तासुद्धा गेलं असेल एखादं." मग माझ्याकडे वळले. इतकी वर्षं दिसेल त्याची नावं विचारून वहीत लिहिणारा हा माणूस. "तिच्या घरातलं मला एकही नाव माहीत नाही हो बाई. समोरून गेली तरी मला ओळखू यायची नाहीत."

मी पुन्हा बसले. माईंनी सरकून जागा दिली. मग वर्गात हजेरी घेते त्या आवाजात, सावकाश, मी पट्टी वाचायला लागले. सुरतहून पिंकी. इंदूरहून राहुल आणि स्नेहा. हुबळीहून मंजुनाथ. नागपूरहून बंटी, त्याचे सगळे मित्र. बेळगावहून दीपा, आई, आजी. आणि नाना प्रत्येक नावाला मान डोलवत होते.